बाईंची काळी पाच

“बाईंचा आवाज वर जाईना आता. पन सांगायचं कुनी?”

हे वाक्य थेट माझ्या कानात आलं. बोलणारा मात्र माझ्यापासून बराच लांब, स्टेजवर मांडी घालून क्लॅरिनेट पुसत बसला होता. शाळेच्या हॉलमध्ये माईक लावून झाले होते. मी मागच्या भिंतीशी टेबलावर लॅपटॉप मांडून, हेडफोन लावून बसले होते. हॉलचे स्पीकर अजून बंद होते, त्यामुळे आपल्यासमोरचे माईक चालू आहेत हे स्टेजवरच्या तिघांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

“तूच सांग. वयानं मोठा आहेस,” तबलेवाले म्हणाले.

“मी? आरं, पोरगी कालेजात गेली माझी, तरी बाई दिसल्या की अजून मी गाडीवरनं उतरतो. ह्याला सांगू दे. लाडका हुता त्यो.”

बासरीवाला हसला. “म्हंजी लाडक्यानंच वाईट व्हायचं व्हय? न्हाई बा.”

मग तिघंही आपापल्या वाद्याशी चाळा करायला लागले. मी खाकरायला हवं होतं, किंवा हात तरी वर करायला हवा होता. मी बासरीच्या माईकचा आवाज थोडा कमी केला आणि स्क्रीनकडे बघत राहिले.

बाई आमच्या बेलापुरातल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या शिकवायच्या आणि जिथे बदली होईल तिथल्या मुलांसाठी गाणी लिहून चाली लावायच्या. आधी भंडारदऱ्याच्या बाजूला, मग पुणतांब्याला, शेवटी इथे. त्यांची गाणी अजून कितीतरी शाळांच्या परिपाठात म्हटली जातात. ती कोणाची हे कोणालाच माहीत नसतं. मुलांना वाटतं ती पुस्तकातली आहेत, शिक्षकांना वाटतं ती पहिल्यापासूनच आहेत. निवृत्त झाल्यावर बाईंनी एकच गोष्ट मनात धरली होती. ही गाणी एकदा आपल्या आवाजात, समोर माणसं बसलेली असताना रेकॉर्ड करायची आणि साथीला बदलीच्या प्रत्येक गावचा एकेक विद्यार्थी पाहुणा म्हणून बोलवायचा. त्याचा अल्बम करायचा. पुणतांब्याचा क्लॅरिनेटवाला लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. बासरीवाला भंडारदऱ्याच्या एका हॉटेलात कामाला आहे, त्याला मोठ्या मिनतवारीनं त्या एका संध्याकाळची सुट्टी मिळाली होती. तबलेवाले इथलेच, बँकेत असतात. तिघं पुन्हा एकत्र येण्याची शक्यता नव्हती. जे व्हायचं ते त्याच संध्याकाळी होणार होतं.

मी बाईंची विद्यार्थिनी नाही. आमच्या गल्लीतली सगळी मुलं त्यांच्या शाळेत चालत जायची, मला श्रीरामपूरच्या इंग्लिश मीडियमची बस न्यायला यायची. मी परत येईपर्यंत मुलांचे खेळ अर्धे झालेले असायचे, आणि ती जी गाणी म्हणायची ती मला यायची नाहीत. मी कठड्यावर बसून ऐकायचे. पुढे पुण्यात साउंडचं शिकले, आणि आता घरूनच बंगळूरच्या एका कंपनीसाठी इंग्रजी पॉडकास्ट एडिट करते. दिवसभर परक्या माणसांच्या बोलण्यातले श्वास, अडखळणं, कप ठेवल्याचे आवाज काढून टाकते. कोणाला सर्दी झालीय, कोणाचं घरात बिनसलंय हे मला कळतं. त्यांच्यापैकी एकानंही माझा आवाज ऐकलेला नाही, कारण आमचं कामाचं सगळं बोलणं टाईप करून होतं. कधीकधी संध्याकाळी दुधवाला आल्यावर लक्षात येतं, की आपण आज पहिल्यांदाच तोंड उघडतोय. आई असली तर तेही लागत नाही. माझ्या वतीनं तीच बोलते. “ती जरा कमीच बोलते,” हे ती पाहुण्यांना पाण्याबरोबरच सांगते.

बाईंना माझ्याकडे आईनंच पाठवलं. त्या माईकचा अंदाज घ्यायला आमच्या घरी आल्या, माझ्या खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या. मी टेबलाखाली वायर जोडत होते तेव्हा त्या स्वतःशीच काहीतरी गुणगुणायला लागल्या. हेडफोन माझ्या गळ्यात होते. मी ते कानाला लावले आणि तशीच गुडघ्यांवर बसून राहिले. आवाज खालचा होता, जरा खरखरीत, आणि त्याला कुठेही जायची घाई नव्हती. एखादं माणूस दाराशी बसून तांदूळ निवडतंय असा. मग मी उठून “झालं” म्हणाले. बाईंनी पदर सावरला, मोबाईलवरचा तानपुरा काळी पाचवर लावला आणि गायला लागल्या. हार्मोनियमच्या पाचव्या काळ्या पट्टीचा तो सूर. वर्गात चाळीस मुलांच्या कलकलाटावरून आवाज न्यायचा तर तो लागायचाच, आणि त्यांनी जन्मभर त्याच सुरात गायलं होतं. मगाचचा आवाज कुठल्या कुठे गेला. मानेच्या शिरा दिसायला लागल्या.

“कसं वाटतंय?” त्यांनी विचारलं.

“छान,” मी म्हणाले. इंग्रजीत मला याच्यासाठी दुसरे शब्द सापडले असते. मराठीत मोठ्या माणसाला सांगायचं म्हटलं की माझ्याकडे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘छान’ एवढंच उरतं.

कार्यक्रमाला हॉल भरला. रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते म्हणून पंखे बंद करायला लावावे लागले. ते मी आईला सांगितलं, आईनं शिपायाला, शिपायानं लोकांना.

“अल्बम व्हईल त्यांचा, आमचं भरीत व्हईल!” मागून एक आजोबा ओरडले. सगळे हसले. ते हसू अल्बममध्ये तसंच ठेवायचं हे मी तेव्हाच ठरवलं.

पहिली तीन गाणी निभावली. ती लहान मुलांची होती, फार वर जाणारी नव्हती. क्लॅरिनेटवाला बँडच्या सवयीनं जोरात सुरू व्हायचा आणि बाईंनी नुसतं बघितलं की लगेच बारीक व्हायचा. चौथं गाणं प्रवरेच्या पाण्याचं. त्याच्या अंतऱ्यात सूर एकदम वर चढतो. बाई चढल्या आणि तिथे आवाज फाटला. अर्धी ओळ नुसती हवा आली. बासरीवाल्यानं चटकन ती ओळ उचलली, तबला जरा जोरात झाला, आणि लोकांनी गाणं संपायच्या आधीच टाळ्या वाजवल्या. बेताल गाणाऱ्या लहान मुलांना वाजवतात तशा, कडकडून. बाईंनी हात जोडले. चेहरा हसरा होता. पण माईक अगदी जवळ होता आणि त्यांनी आवंढा गिळलेला मला ऐकू आला.

मध्यंतर झालं. माझं पहिलं समाधान हे होतं, की मला कोणाला काही सांगायची गरज नाही. घरी जाऊन दार लावून, लॅपटॉपवर एकेक सूर उचलून जागेवर ठेवता येतो. दोन आठवडे लागतील. बाईंनाही कळणार नाही. मी ती फाटलेली ओळ तिथल्या तिथे परत ऐकली. सूर उचलता आला असता, पण त्यात जो जोर लावलेला होता तो तसाच राहिला असता. वर्षानुवर्षांनी कोणीतरी हे लावणार आणि बाई म्हणजे एवढंच, असं समजणार. दुसऱ्या भागात तर बाईंच्या बदलीच्या तिन्ही गावांवरचं मोठं गाणं होतं, तिघा पाहुण्यांबरोबरचं. ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला, ते. आणि ते याहून वर जात होतं.

चहा आला. तिन्ही विद्यार्थी दाराबाहेर जाऊन उभे राहिले होते. क्लॅरिनेटवाला चहात पाव बुडवत होता, आणि कोणीही स्टेजकडे बघत नव्हतं. लोक आपापसांत बोलत होते. बाई स्टेजवर एकट्याच, गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसलेल्या. आपलं कौतुक करून सगळे लांब गेले की माणूस कसं दिसतं, हे मला तेव्हा दिसलं. त्या तिघांना पहिला सूर बाईंनी दिला होता, म्हणून ते सांगू शकत नव्हते. मला दिला नव्हता. माझ्या मनात हे असं स्पष्ट आलं आणि मला कसंतरीच झालं. लहानपणी ज्याचं वाईट वाटायचं, त्याचाच आज उपयोग होता.

माईक सरकवायचाय असं दाखवत मी स्टेजवर गेले. आधी त्याचं बटण बंद केलं.

“आलंय ना गं नीट रेकॉर्डिंग?” बाईंनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले. मग, “नाही.”

त्यांनी पेला खाली ठेवला.

“त्या दिवशी माझ्या खोलीत,” मी म्हणाले, “मी वायर लावत होते तेव्हा तुम्ही गुणगुणत होतात. ते खाली होतं. काळी चारला असेल. ते...” शब्द सापडेना. “ते मला परत ऐकायचंय.”

बाईंनी दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, “त्या पोरांनी पाठवलं तुला?”

“नाही.”

“खरं सांग.”

“त्यांची हिंमत नाही, बाई.”

त्या हसल्या, नाकातून, थोडंसंच. हाताची बोटं मांडीवर चालत होती, पेटीवर चालल्यासारखी. एक पट्टी खाली येऊन थांबली.

“कळतं गं मलाही,” त्या हळू म्हणाल्या. “पण काळी पाच सोडली म्हणजे बाई म्हाताऱ्या झाल्या, असं होतं ना. पोरांच्या देखत.” मग त्यांनी समोर बघितलं. मागच्या रांगेतल्या दोन बायका पिशव्या उचलून उठत होत्या. “आणि आता कसं जमायचं? तबला त्या सुरात उतरवायचा म्हणजे हातोडी घेऊन ठोकत बसायचं. तोवर ही माणसं बसतील होय? त्यात पंखे नाहीत. बायकांना घरी स्वयंपाक पडलेत.”

मी हॉलकडे बघितलं. एवढे चेहरे मी कधी समोरून बघितले नव्हते, मी कायम मागच्या भिंतीशी असते. दाराशी चहाची किटली घेऊन आई उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती. मी माईक स्टँडवरून काढला, बटण परत चालू केलं, पण अजून तोंडाजवळ नेला नाही.

“तबलेवाल्यांना बोलवा, बाई,” मी म्हणाले. “तबला लागेपर्यंत मी बोलते लोकांशी.”