काव लावलेल्या चार टोप्या

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवाल्याशी भांडत होते. तो म्हणत होता, सिलिंडर दारात ठेवून जातो, आणि मी म्हणत होते, आत आणून दिल्याशिवाय इथून हलून तर बघ. फोनवर बापू होता, अक्काचा थोरला. "काकी, आई गेली. सकाळी उठली न्हाय म्हणून बघाय गेलो, तर..." मी फोन ठेवला आणि पुन्हा त्या गॅसवाल्यालाच बोलायला लागले. चांगली दहा मिनिटं बोलले. शेवटी त्यानं मुकाट्यानं सिलिंडर आत आणून ठेवलं आणि माझ्याकडे बघत बघत निघून गेला. रडू आलं ते लासुर्ण्याला एस.टी.तून उतरल्यावर.

आता सव्वा महिना झाला. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहायची रीत आहे. मी लिहीनही, पण त्याआधी माझा राग वाचावा लागेल, कारण तो अजून उतरलेला नाही. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. दहाव्याला लासुर्ण्यात बरीच माणसं जमली होती. एकेक जण उठून माइक हातात घेत होता. 'साधीभोळी माउली', 'अडाणी, पण मायेची'. भोळी म्हणे! मग बापू उठला. डोळे पुसत म्हणाला, "आई लई गरीब. तिला चार पोरं मोजता यायची न्हाईत, आमच्या धाकट्या सुवर्णीला रेल्वेच्या फलाटावर इसरून आली व्हती. पण जीव लई लावला तिनं." मांडवात माणसं हसली. दहाव्याच्या मांडवात! माझ्या अंगाची आग आग झाली. उठावं, माइक हिसकावून घ्यावा आणि एकेकाला सुनवावं असं वाटलं. पण मी उठले नाही. सत्तावीस वर्षं उठले नव्हते, तर त्या दिवशी काय उठणार?

कारण सुवर्णीला अक्का विसरली नव्हती. मी विसरले होते.

माझं लहानपण वालचंदनगरला क्वार्टरमध्ये गेलं. वडील फिटर. आमच्याही घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, पण तो विषय आम्ही शाळेत कधी काढायचो नाही. लग्न होऊन लासुर्ण्याला आले तर तिथे सासरे, म्हणजे आबा, अजून चार माणसांत बसले की मेंढरांच्याच गोष्टी सांगायचे. कळप कधीच विकला होता, ऊस लावला होता, पण घराच्या सवयी तशाच होत्या. आमचे हे फौजेत. मला दोन पोरं झाली, सचिन आणि रूपा, तरी मी गावीच. मग एका थंडीत पठाणकोटला ह्यांना क्वार्टर मिळाल्याचं पत्र आलं आणि मी हट्टच धरला, की पोरांना घेऊन जाणार म्हणजे जाणार. आबांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ओसरीवर बसून म्हणाले, "जा. पण थोरलीला संगं ने. आन् एक ध्यानात ठिव. वाटंत एका जरी पोराचं हिकडंतिकडं झालं, तर पोरं माघारी हितं येतील. तू ऱ्हा तिकडं एकटी." आबा बोलले की ते बोलणं फिरत नसे. ऊस तुटायला आला होता, त्यामुळे घरातला एकही पुरुष मोकळा नव्हता. म्हणून जिनं दौंडच्या पुढे काही बघितलं नव्हतं ती अक्का माझ्या सोबतीला निघाली, आणि मागे कुणाकडे ठेवणार म्हणून तिचीही दोन बरोबर घेतली. बापू सात वर्षांचा, सुवर्णी चार वर्षांची.

दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, एक मोठी घोंगडी आणि चार चॉकलेटी माकडटोप्या, बारामतीच्या बाजारातून एकाच दुकानातून घेतलेल्या. दौंडला गाडीत बसल्याबरोबर अक्कानं कमरेची चंची सोडली. त्यात काव होती, म्हणजे तो तांबडा गेरू, मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा. थुंकीनं अंगठा ओला करून, कावेवर घासून तिनं चारही टोप्यांच्या मागे एकेक ठसठशीत ठिपका उठवला. मी म्हटलं, "अक्का, ही काय मेंढरं आहेत का?" ती म्हणाली, "मेंढरं परवडली. ती तरी कळपाकडं येत्यात." मग मी पोरं मोजायला लागले, एक, दोन... तर तिनं माझा हात धरला. "मोजू नगं, शालन. मोजल्यानं कमी व्हत्यात. हात लावायचा आन् नाव घ्यायचं." आणि तिनं दाखवलं तसं. प्रत्येक डोक्यावर पंजा ठेवायचा, जरा दाबायचा आणि नाव घ्यायचं. बापू. सचिन. रूपा. सुवर्णी. दर स्टेशन गेलं की हेच. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती.

लाज वाटायचं कारण समोरच्या बाकावर होतं. एका सुभेदाराची बायको, अंगात उंची कोट, पोरगा इंग्रजी कविता म्हणणारा. तिनं हसून विचारलं, "ये लाल-लाल क्या लगाया है बच्चों को?" आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढे जाऊन क्वार्टरमध्ये राहणार होते ते अशाच बायकांत. दुसऱ्या दिवशी अक्का जरा कलंडली, तशी मी चारही टोप्या काढल्या, बेसिनवर नेल्या आणि साबण लावून ते ठिपके घासघासून काढले. अक्काला जाग आली. तिनं ओल्या टोप्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं. तिनं त्या पुन्हा एकदा पिळून खिडकीच्या गजांना बांधून वाळत घातल्या. तेव्हाच बोलायचं होतंस ना, अक्का! एक कानाखाली द्यायची होतीस. थोरली होतीस, तुझा हक्क होता.

ग्वाल्हेर सोडलं आणि धुकं लागलं. आपल्याकडे उसात पहाटे दिसतं तसलं नाही. दिवस वर आला तरी खिडकीबाहेर हात केला की बोटं दिसेनात. आग्र्याच्या पुढे एका लहानशा स्टेशनावर गाडी जी थांबली ती थांबलीच. माणसं खाली उतरली, चहावाल्यानं काटक्यांची शेकोटी केली होती, तिच्याभोवती बसली. आम्हीही पोरं घेऊन उतरलो. दोन तास गेले असतील. अक्का म्हणाली, "पोरास्नी बघ, मी पानी घिऊन येते," आणि कॅन घेऊन फलाटाच्या टोकाला नळावर गेली. तेवढ्यात शिट्टी झाली. एकच पळापळ. मी रूपाला काखोटीला मारलं, बाकीच्यांना पुढे ढकललं, डब्यात चढले. पोरं घोंगडीखाली घुसली. घोंगडीतून चार चॉकलेटी टोप्या बाहेर दिसत होत्या. मी बोट करून मोजल्या. एक, दोन, तीन, चार. मोठ्यानं मोजल्या आणि निवांत बसले. शिकलेली ना मी.

गाडी गोगलगाईसारखी निघाली. अक्का मागच्या डब्यात चढली होती, ती डब्याडब्यातून वाट काढत आली. कॅन खाली ठेवला आणि आधी घोंगडीत हात घातला. "बापू. सचिन. रूपा..." आणि चौथ्या डोक्यावर तिचा हात थांबला. तिनं टोपी वर केली. "ह्यो कोण गं?" टोपी तसलीच चॉकलेटी, पण तिच्याखाली पलीकडच्या कप्प्यातल्या पंजाबी बाईचं पोर होतं, बापूनं दिलेली चिक्की चघळत. ठिपका असता तर मला चढतानाच कळलं असतं. अक्कानं एवढंच विचारलं, "गाडी कशी थांबवायची?" मी नुसतं वर साखळीकडे बोट दाखवलं. ती त्या साखळीला लोंबकळली. गाडी पुरती थांबायच्या आत तिनं लुगड्याचा काचा मारला आणि खाली उडी घेतली. दोन पावलांत धुक्यात दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत होता, "सुवर्णेऽऽ... सुवर्णेऽऽ..." मग तोही येईना.

मी काय करत होते? तीन पोरांना मिठी मारून बसले होते, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आबांचे शब्द होते. पोरं माघारी हितं येतील. लेक दुसरीची हरवली होती आणि मी माझ्या पोरांचा हिशोब करत होते. याची मला आजही इतकी चीड येते, की लिहिताना पेन बाजूला ठेवावं लागलं. अक्का परत आली तेव्हा सुवर्णी तिच्या कडेवर होती, चहावाल्याची शाल पांघरलेली, हातात खारी. शेकोटीपाशी बसून होती म्हणे शहाण्यासारखी. अक्काच्या पायात एकच चप्पल होती आणि दुसरा पाय खडीनं फुटला होता. तोवर गार्ड आला, टी.सी. आला, आरडाओरडा. "किसका बच्चा छूटा? किसकी गलती है?" मी तोंड उघडलं, तर अक्का माझ्या पुढे येऊन उभी राहिली आणि हात जोडून मराठीतच म्हणाली, "माजं हाय, सायेब. मीच इसरले."

नंतर मी तिला म्हटलं, "अक्का, हे काय बोललीस?" पायाला चिंधी बांधत ती म्हणाली, "गप बस. आबांच्या कानावर खरं गेलं तर तुजी पोरं तुज्यापाशी ऱ्हातील का? माजं काय, मी हायच लासुर्ण्यात. चार दिस बोलतील आन् गप बसतील." पठाणकोटला उतरल्या उतरल्या माझ्याआधी तिनंच ह्यांना सांगून टाकलं. ह्यांनी ते भाबडेपणानं गावी कळवलं. अक्का सुट्टीवर निघालेल्या शेजारगावच्या एका जवानाबरोबर परत गेली. माझी पोरं माझ्यापाशी राहिली, तिथे शिकली, मोठी झाली.

आणि चार दिवस? अगं बाई, सत्तावीस वर्षं बोलले! आबांनी तिला नरसिंहपूरच्या जत्रेला पोरं घेऊन जाऊ दिलं नाही. बापूचं लग्न झालं, तर सुनेनं नातू कधी तिच्याजवळ एकटा सोडला नाही. कुणी पाहुणा आला की गोष्ट निघायची, आणि दर वेळी त्यात नवा मीठमसाला. ह्यांच्या बदल्या संपल्यावर मी बारामतीत बालवाडी काढली. रोज चाळीस पोरं मोजून घेतली, मोजून घरी पाठवली, आणि पालकांच्या सभेत... हे लिहायलाच हवं... 'आमच्या थोरल्या जाऊबाईंनी एकदा काय केलं' म्हणून तीच गोष्ट मीही सांगितली. पालक हसले. मीही हसले.

एका दिवाळीत सगळे लासुर्ण्याला होतो. सुवर्णीची दोन पोरं तेव्हा लहान होती. अक्का तिला म्हणाली, "सुट्टीची ठिव की हितं माज्यापाशी. चार दिस ऱ्हातील." सुवर्णी पटकन बोलून गेली, "नगं आई. तू मला इसरलीस, ह्यांना काय संबाळशील?" सगळे हसले. अक्काही हसली आणि चुलीकडे वळली. मी लाडू वाढत होते. माझ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही. त्या बाईच्या मनाचा मला कधी ठाव लागला नाही, आणि तिच्यावर माझा मुख्य राग आहे तो हाच. एकदा तरी बघायचंस. मला गप्प राहायची लाज तरी वाटली असती.

शेवटची भेट झाली, ती अक्का बारामतीला डोळे दाखवायला आली तेव्हा. चहा पिताना मी म्हटलं, "अक्का, आता मी सगळ्यांना खरं सांगते. सुवर्णीला तरी." बशीतला चहा फुंकत ती म्हणाली, "आता कशाला? तुजी पोरं तर लागली की मार्गाला." जसं काही ते सगळं एक काम होतं आणि ते पार पडलं होतं. मीही लगेच मान हलवली. मला तेच ऐकायचं होतं.

दहावा उरकल्यावर सुवर्णी आणि मी अक्काची पेटी आवरत होतो. दोन लुगडी, चष्म्याचं घर, एक पावडरचा जुना डबा. डब्यात कावेचा खडा, आणि त्याखाली घडी करून ठेवलेली लहान चॉकलेटी टोपी. मागे ठिपक्याच्या जागी साबणानं भुरका पडलेला गोल. सुवर्णीनं ती उलटसुलट करून बघितली. मग मी सांगितलं. बेसिनपासून साखळीपर्यंत, आबांच्या धमकीसकट, काही न वगळता. ती पेटीच्या कडेला हात ठेवून ऐकत होती. मला वाटलं रडेल, ओरडेल. तिनं एवढंच विचारलं, "काकी, त्या दिवाळीला तुमीबी हसला व्हता, न्हवं?" मी म्हटलं, "हो." तिनं डबा उचलला, टोपी उचलली आणि बाहेर गेली.

त्यानंतर तिचा फोन नाही. मी केलेले तिनं घेतले नाहीत. बरोबर आहे तिचं. हा लेख पुरवणीत छापून येईल, बापू वाचेल, गाव वाचेल, त्या दिवशी मांडवात हसलेली माणसंही वाचतील. वाचा म्हणावं. तिला चार पोरं मोजता येत होती की नव्हती ते ठरवा आता.

गेल्या रविवारी सकाळी दारात मोटरसायकल थांबली. सुवर्णीचा नवरा दोन्ही पोरांना घेऊन आला होता. त्यांना इंदापूरला लग्नाला जायचं होतं. "संध्याकाळपर्यंत ठेवा म्हणाली," असं म्हणून तो गेला, बाकी निरोप काही नाही. पोरं आत पळाली तेव्हा मला दिसलं. दोघांच्याही स्वेटरच्या मागे, कॉलरखाली, अंगठ्याएवढा तांबडा ठिपका. ताजा होता, बोटाला लागला. आईच्या डब्यातली काव काढून सुवर्णीनं तो स्वतःच्या हातानं लावला होता, पोरं माझ्याकडे पाठवायची म्हणून.

मला राग आला नाही. मी दार लावलं, दोघांना जवळ ओढलं, आणि बोट न करता एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून नाव घेतलं.