रजिस्टरातला मंगळवार

रायपूरच्या तात्यापाऱ्यात मारोती वैरागडेंना हवालदार कोणी म्हणत नसे. मालखानेवाले मारोतीभाऊ, एवढंच. मालखाना म्हणजे ठाण्यातली जप्तीच्या मालाची कोंदट खोली. चोरीच्या सायकली, दारूचे कॅन, रक्ताचे कपडे, सगळं तिथे. त्या खोलीची किल्ली आणि तिचं रजिस्टर सव्वीस वर्षं यांच्याकडे. आजोबा भंडाऱ्याहून रेल्वेत लागले म्हणून इकडे आले, बापही रेल्वेतच राहिला, आणि हे महाशय पोलिसात शिरले ते थेट त्या खोलीत जाऊन बसले. बढतीसाठी कधी कोणाच्या मागे फिरले नाहीत. बायको सरला म्हणायची, तुमच्यापेक्षा तिथला उंदीर बरा, तो निदान अधूनमधून बाहेर तरी पडतो.

पण रजिस्टर! काय ते अक्षर, काय ती टापटीप! खाडाखोड औषधाला सापडायची नाही. दिवसाची शेवटची नोंद झाली की खाली पट्टीने रेघ, म्हणजे मागून कोणाला काही घुसडायला जागाच नको. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, नवे नवे साहेब आले आणि गेले, प्रत्येकाने ते रजिस्टर पाहुण्यांना दाखवलं. कोर्टात वकीलसुद्धा म्हणायचे, वैरागडेंची नोंद आहे ना, मग वाद कशाला. मारोतीभाऊंना याचा भारी अभिमान. का नसावा? दुसरं होतं काय त्यांच्याजवळ?

समोरच्या घरात इंदूवहिनी राहायच्या. भोसल्यांच्या राज्यापासून रायपुरात असलेलं घराणं, नवरा अकाली गेलेला, एकुलता एक मुलगा भार्गव. मारोतीभाऊंच्या मुलीला दहावीचं गणित त्यानेच शिकवलं, तेही पदरचा चहा पाजून. पुढे त्याने शंकर नगरात एक खोली घेऊन छोटंसं साप्ताहिक काढलं. तेलीबांध्याच्या पलीकडे नवी राजधानी उभी राहत होती, तिकडच्या गावांमधली जमिनीची कागदपत्रं तो जमवू लागला. त्या कागदांत एका मोठ्या माणसाचं नाव पुन्हा पुन्हा येऊ लागलं. मग काय व्हायचं ते झालं. एका सोमवारी, ऐन पोळ्याच्या दिवशी, पोलीस आले आणि भार्गवला त्याच्या लॅपटॉपसकट घेऊन गेले. बंदी घातलेल्या संघटनेशी संधान, असा आरोप.

लॅपटॉप कापडात शिवून, लाखेची मोहोर मारून मालखान्यात आला. नियम असा, की काम झालं की ती पितळी मोहोर एखाद्या पंचाच्या हवाली करायची, म्हणजे पोलिसांना पुन्हा तीच मारता येऊ नये. या ठाण्यात ती टीआय साहेबांच्या, म्हणजे ठाणेदाराच्या ड्रॉवरमध्ये असायची. दुसरा नियम, मशीनच्या आत जे काही आहे त्याचा आकडा जप्तीच्या वेळीच काढून लिहायचा. हॅश म्हणतात त्याला. माणसाचा अंगठा असतो ना, तसा. आत एक अक्षर वाढलं तरी आकडा बदलतो. पण तो काढता येत होता कोणाला? पंचनाम्यात त्याचं नावही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तान्हा पोळा. आपल्या विदर्भाकडच्या लोकांचा, लाकडी बैल सजवून गल्लीत फिरवायचा पोरांचा सण. ठाण्यात त्याची सुट्टी कोण देतो? पण नात पिंकी सहा वर्षांची, तिने सकाळीच बजावलं होतं, नाना, जल्दी आना. मारोतीभाऊंनी भीतभीत टीआय साहेबांकडे दोन तास मागितले. साहेब एवढे गोड कधीच बोलले नव्हते. म्हणाले, जाइए ना वैरागडेजी, आरामात जा. आणि जाता जाता तो लॅपटॉपचा पुडा माझ्या टेबलावर ठेवा, सील जरा बघतो.

पुडा मालखान्याबाहेर गेला की नोंद करायची, हा मारोतीभाऊंचा स्वतःचा दंडक. बाकी ठाण्याची रीत सैल होती. ठाण्याच्या भिंतीच्या आतच आहे ना, मग माल कुठे गेला? तेव्हा ते मनाशी म्हणाले, येऊन लिहितो. आणि गेले बैल फिरवायला.

परत आले तेव्हा दोनाचे चार तास झाले होते. पुडा टेबलावर होता. उचलला, आणि लाखेला बोट लागलं. लाख कोमट होती.

अरे बाबा, मग लिही ना! तिथल्या तिथे लिही! पण साहेब हसत म्हणाले, लिखना क्या है, घर की बात है. मारोतीभाऊ दोन तास उशिरा आलेले, वरून उपकाराखाली दबलेले. त्यांनी पुडा आत ठेवला, त्या दिवशीच्या नोंदी पुऱ्या केल्या, आणि सवयीने पट्टी घेऊन खाली रेघ मारली. बुधवारी सकाळी सदर बाजारातली चोरीची मोटरसायकल आली, ती रेघेखाली चढली. झालं. मंगळवारात आता टाचणीही शिरली नसती.

पुडा तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेत गेला. हॅश तिथे पहिल्यांदा निघाला. म्हणजे त्यानंतर कोणी हात लावला नाही एवढं पक्कं. आधीचं काय, ते एकट्या मारोतीभाऊंना माहीत. आणि लॅपटॉपमध्ये सापडली अकरा पत्रं. भार्गव म्हणाला, मी ही जन्मात पाहिली नाहीत. आरोपी दुसरं काय म्हणणार, असं सगळ्यांनी धरून चाललं.

दोन वर्षं तो तुरुंगात होता. दर मुलाखतीहून परतल्यावर इंदूवहिनी सरलाकडे येऊन बसत. तो वाळला म्हणत, दात दुखतो म्हणत. मारोतीभाऊ आतल्या खोलीत ऐकत राहत. आज सांगू, उद्या सांगू; साहेबांची बदली होऊ दे, मग सांगू. भ्याले होते, दुसरं काय! साहेबांची बदली झाली, बढतीवर झाली, तरी तोंड उघडलं नाही. सरलाने एकदा विचारलं, तुमाले काहून झोप येत नाही? तर म्हणाले, उकडून राहिलं.

शेवटी साक्षीचं समन्स आलं. सरकारी वकिलाला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं, माल सीलबंद आला आणि सीलबंद गेला. मारोतीभाऊ पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली, आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलले. पुडा चार तास बाहेर होता म्हणाले. लाख कोमट होती म्हणाले. मागच्या बाकावर इंदूवहिनींनी पदर तोंडाशी धरला.

सरकारी वकिलाने साक्षीदार फितूर झाल्याचं सांगितलं आणि रजिस्टर पुढे केलं. हे अक्षर तुमचं? हो. खाडाखोड आहे? नाही. मंगळवारी पुडा बाहेर गेल्याची नोंद? नाही. सव्वीस वर्षांत तुमची एखादी नोंद राहून गेल्याचं कोणी म्हटलंय? मारोतीभाऊ घुटमळले. नाही म्हणाले. आरोपीचं घर कुठे? माझ्या घरासमोर. तुमच्या मुलीला कोणी शिकवलं? त्यानेच.

एवढंच पुरलं. निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की साक्षीदार आरोपीचा शेजारी आहे आणि उपकारापोटी बोलतो आहे; त्याच्या तोंडी सांगण्यापेक्षा त्याने त्याच दिवशी, खोटं लिहायची कोणतीही गरज नसताना, स्वच्छ हस्ताक्षरात ठेवलेलं रजिस्टर जास्त भरवशाचं आहे. भार्गवला सात वर्षं. ज्या रजिस्टराची माणसाने जन्मभर पोरासारखी काळजी घेतली, त्यानेच उलटून त्याला खोटं पाडलं. वाईट याचं वाटतं, की न्यायाधीशही चुकले असं म्हणवत नाही.

मारोतीभाऊ निलंबित झाले. त्याचं त्यांना काही नव्हतं. चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी रस्ता ओलांडून समोर गेले. इंदूवहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बसा म्हटलं, पाणी आणून दिलं. पाण्याला मारोतीभाऊंनी हात लावला नाही.

"वहिनी, मी खरं सांगितलं," ते म्हणाले. "पण कोनी मानलंच नाही मले."

"हो भाऊजी. ऐकलं मी." त्या तांदळातून बोट फिरवत राहिल्या. रागावल्या असत्या, शिव्या घातल्या असत्या, तर मारोतीभाऊंना सोसलं असतं. मग त्यांनी विचारलं, "त्या मंगळवारी लिहिलं असतं, तर किती लिहावं लागलं असतं?"

मारोतीभाऊंनी डोळे मिटले. पुड्याचा नंबर, वेळ, साहेबांचं नाव, परत आल्याची वेळ, सही. सव्वीस वर्षांचा हात, हिशोब चुकणार नव्हता.

"दीड ओळ, वहिनी."

"दीडच?" इंदूवहिनी म्हणाल्या, आणि ताट बाजूला ठेवून घरात गेल्या. मारोतीभाऊ तिथेच ओसरीवर बसून लहान लेकरासारखे रडले, आणि आतून कोणी त्यांना उगी राहा म्हणायला आलं नाही.