सरबतासारखं दिसणारं भांडी घासायचं पाणी

मंडळी, माझ्याकडून भांडी घासायचं पाणी नेलं असेल तर आधी हे वाचा.

रिठे आणि कोकमाची सोलं उकळून मी तांब्या-पितळेसाठी ते करतो. कुणी शिकवलं नाही, प्रमाण माझं मीच बसवलंय. गाळतोसुद्धा दोनदा.

आज दुपारी शेजारचे गणूदादा होडीवरून तहानलेले आले आणि कोकम सरबत समजून त्यांनी माझ्याकडची ह्या पाण्याची बाटली तोंडाला लावली. लगेच उलट्या सुरू झाल्या. मी त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. जरा सावरल्यावर मी म्हणालो,

"दादा, बाटलीवर ठळक लिहिलं होतं मी."

"अरे, सरबताच्या बाटलीत सरबतच असणार ना! तहानलेला माणूस काय वाचत बसतो?"

दादांना आता बरं आहे. पण त्यांचं बरोबर होतं. प्रमाणात मी कधी चूक केली नाही, आणि भरत आलो सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत.

संध्याकाळभर दारोदार फिरून बाटल्या परत आणल्या. एकच राहिली. मालगुंडच्या एक ताई परवा बाजारात समयांसाठी घेऊन गेल्या. नाव विचारलं नाही. कडेवर लहान मूल होतं. त्यांना कुणी ओळखत असेल, तर आत्ताच फोन कराल का?