काकांच्या फळ्या रुळतायत

घाई या गोष्टीचा शोध लागला तेव्हा आमच्या नोएडाच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे काका बहुधा रजेवर असावेत. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मनावर घेतलं, की हॉलच्या संगमरवरावर जाड दांडे टाकायचे, त्यांवर सागवानी फळ्या ठोकायच्या आणि लाकडी जमीन करायची. कारण विचारलं की म्हणायचे, "शोभा येते." खरं कारण सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. थंडीत तो संगमरवर बर्फासारखा होतो, काकूंचे पाय ठणकतात आणि त्या मुलीकडे पुण्याला निघून जातात. मग होळीपर्यंत काका एकटे, चहात बिस्किटं बुडवून जेवण झालं म्हणून सांगणारे.

फळ्या उन्हाळ्यातच दिल्लीच्या कीर्तीनगरच्या लाकूडबाजारातून आल्या. पण ठोकण्याआधी लाकडाला घराच्या हवेत रुळू द्यावं लागतं, हे काकांनी कुठेतरी ऐकलं आणि घोडं तिथेच अडलं. उन्हाळ्यात म्हणाले, हवा फार कोरडी आहे. पावसाळ्यात म्हणाले, फार दमट. फळ्यांना पंखा, आणि स्वतः बाल्कनीत घाम पुसत. दिवाळीच्या पाहुण्यांना फळ्यांच्या ढिगावर बसवलं, पण चिवड्याची ताटली हातातच धरायला लावली. सुतार वैतागून ओरडला, "अंकलजी, लकड़ी है, दुल्हन नहीं!"

काका शांतपणे म्हणाले, "भैया, उसे घर समझने तो दो."

व्हायचं तेच झालं. थंडी आली तेव्हा नुसते दांडे बसले होते. काकू बॅग घेऊन, दांड्यांवरून तोल सावरत दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी लग्न करून आले तर दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला बसवलंत. फळ्यांना बरा वेळ मिळतो!"

दुसऱ्या दिवशी मात्र सकाळीच ठोकाठोक सुरू झाली. काकूंच्या खुर्चीपुरत्या फळ्या त्यांनी स्वतः, गुडघे धरत, ठोकल्या. मला म्हणाले, "काकूला फोटो पाठव. मी सांगितलं असं म्हणू नकोस."

काकू ऐन थंडीत परत आल्या. मोजे काढून त्यांनी फळ्यांवर पाय टेकवले.

"गार नाही लागत हो."

"उठ जरा, एक खिळा राहिलाय."

"राहू दे."

बाकीचा हॉल आजही तसाच आहे. संध्याकाळी गेलो की दोघं त्या एवढ्याशा तुकड्यावर खुर्चीला खुर्ची लावून बसलेले असतात, आणि मी ढिगावर. नोकरीसाठी इथे एकटाच राहतो, त्यामुळे मला गावाकडचं माझं घर फार आठवतं, उठावंसं वाटत नाही. उरलेल्या फळ्यांचं विचारलं की काका म्हणतात, "रुळतायत अजून." पूर्वी यावर काकू चिडायच्या. आता नुसत्या हसतात, आणि या थंडीचं पुण्याचं तिकीट त्यांनी काढलेलं नाही.