साडूची पलटण

मी माझ्या साडूवर जळतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझ्या तोंडून वदवून घ्यायचा त्रास नको. त्याचं घर माझ्यापेक्षा लहान, डोक्यावरचे केस माझ्यापेक्षा कमी, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की याची बोबडी वळते. तरीही जळतो. त्याच्या उजव्या हातावर जळतो.

हा माणूस कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे येतात, आणि हा एका लांबट खोलीत खिडकीजवळ बसून मेणात एकेक दात रचतो, घासतो, रंग जुळवतो. सव्वीस वर्षं हेच. कुणी भेटलं की हा डोळ्यांत बघत नाही, तोंडाकडे बघतो. लग्नाच्या आधी मेव्हणीने आमची ओळख करून दिली तेव्हा माझ्याकडे बघून पहिलं वाक्य काय बोलावं? "दादा, झोपेत दात खाता का हो?" मी म्हटलं, घ्या! हा जावई शोधून आणलाय सासऱ्यांनी.

मी स्वतः चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. आणि गेली एकोणीस वर्षं फावल्या वेळात सैन्य रंगवतो. हसू नका. अंगठ्याएवढे सैनिक असतात. बुटके, राक्षस, पंखवाले घोडे, काय वाटेल ते. प्लास्टिकच्या चौकटीत हात, पाय, मुंडकी वेगवेगळी येतात. ती कापायची, कानशीने घासायची, चिकटवायची, वर अस्तराचा रंग मारायचा आणि मग दोन केसांच्या ब्रशने डोळे, बक्कल, ढालीवरचा ओरखडा. एका सैनिकाला चार-पाच तास सहज जातात. बायको म्हणते, "एवढ्या वेळात घराला रंग देऊन झाला असता." ते खरं आहे, म्हणून मी पुढचा सैनिक हातात घेतो.

आमच्या भागात खेळण्यांचं एक दुकान आहे. मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी आम्ही दहा-बारा मोठी माणसं, एक निवृत्त बँकवाला, एक नर्स, एक गवंडी, असे माना खाली घालून रंगवत बसतो. दुकान मावशींचं. आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणतो, वयाने मोठे असलेलेसुद्धा. वर्षातून एकदा सगळ्यांची सैन्यं मांडायची, आणि त्यातलं एक मावशी दर्शनी काचेच्या कपाटात वर्षभर ठेवतात. रस्त्यावरून जाणारा येणारा बघतो. खाली पुठ्ठ्यावर रंगवणाऱ्याचं नाव. बक्षीस वगैरे काही नाही. पण ते कपाट मला हवं होतं. एकोणीस वर्षांत दोनदा माझं थोडक्यात हुकलं होतं. यंदा मी बुटक्यांची पलटण दोन वर्षं खपून तयार केली होती. चाळीस बुटके, एकेकाच्या दाढीत तीन-तीन रंग. बँकवाल्याने आधीच सांगून टाकलं होतं, "यंदा तुमचंच हो."

आणि हा साडू मध्ये तडमडला. त्याला या नादाला लावलं मीच. स्टुलावरून पडून त्याचा घोटा मोडला, सहा आठवडे घरी. मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, हे नुसते छताकडे बघत बसतात, काहीतरी द्या यांना." मी उदार झालो. माझ्या हातून बिघडलेले सहा भालेवाले, वाळत आलेले रंग आणि केस झडलेला एक ब्रश दिला. तीन आठवड्यांनी बघायला गेलो, आणि माझे ते सहा भालेवाले मलाच ओळखू येईनात. एकाच्या ओठांची कड ओली दिसत होती. ओली! मी वाकून बोट लावून बघितलं, कोरडी ठणठणीत.

"हे कसं केलंस?"

"काही नाही दादा, हिरड्यांना करतो तसंच." एवढंच. वर लाजला.

ते लाजणं मला जास्त झोंबलं. जरा मिरवला असता तर मला तोंडभरून नावं तरी ठेवता आली असती.

मग त्याने मेलेल्यांची पलटण करायला घेतली. साठ सांगाडे, हाडांचे घोडे आणि फाटक्या झग्यातला राजा. शनिवारी मागच्या खोलीत येऊन माझ्याच शेजारी बसायचा. दर पाच मिनिटांनी, "दादा, हे बरोबर आहे का?" नर्स आपलं काम सोडून त्याच्या खांद्यावरून वाकून बघायची. घरी वेगळीच तऱ्हा. बायको म्हणायची, "तुमच्या साडूंनी म्हणे प्रत्येक सांगाड्याला वेगळे दात केलेत. तुमच्या बुटक्यांना दात आहेत का?" मी म्हटलं, बुटक्यांना दाढ्या असतात, दात दिसत नाहीत. ती म्हणाली, "सोयीचं आहे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मांडायच्या दिवसाला सहा दिवस उरले होते. रविवार होता. त्याने बोलावलं म्हणून दुपारी त्याच्याकडे गेलो. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून साठच्या साठ उभे केले होते. आणि काय सांगू, मी बसलोच खुर्चीत. दात पांढरा नसतो, हे त्याने मला पूर्वी सांगितलं होतं. मुळाशी पिवळट, टोकाला निळसर. इथे साठ कवट्या, आणि एकीसारखी दुसरी नाही. एकाचा पुढचा दात तुटका, एकाची दाढ सोन्याची, एक म्हातारा बोळका. मेलेली माणसं होती ती, पण जगून मेलेली. माझे बुटके डोळ्यांसमोर आले. कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्यांसारखे वाटले.

मेव्हणीने चहा आणला. "कसं वाटलं भाऊजी?"

"बरं आहे," मी म्हणालो. बरं आहे!

साडू हात पुसत म्हणाला, "दादा, आता फक्त वार्निश राहिलंय. मी कधी मारलं नाही. आमच्याकडे चकाकी भट्टीत चढते, तिथे हवापाण्याचा प्रश्न नसतो. आज मारू का? का थांबू?"

त्या दिवशी बाहेर तीन दिवसांचं धुकं होतं. भिंतींना घाम फुटला होता. त्याच्या दोरीवरचे मोजे शुक्रवारपासून ओलेच होते, मेव्हणी त्यावरूनच कुरकुरत होती. आणि स्प्रेचं वार्निश दमट हवेत मारलं की काय होतं ते आमच्या खोलीत मला सगळ्यांत चांगलं माहीत होतं. पहिल्याच वर्षी मी अकरा घोडेस्वार तसेच घालवले होते. वार्निश वाळता वाळता दुधट पांढरं पडतं, वर पिठी बसल्यासारखी, आणि खालचं सगळं काम गायब. नवख्याला ही गोष्ट कुणीतरी सांगावी लागते, नाहीतर तो एकदा तरी हात पोळून घेतोच. त्याला सांगणारं माणूस समोर बसलं होतं, चहा पीत.

"मार की," मी म्हणालो. "थांबायचं कशाला?"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरंय. हे शब्द इतक्या सहज निघाले की मीच चमकलो. दारापर्यंत गेलो तेव्हा एकदा वाटलं, वळावं आणि सांगावं, अरे थांब, हवा बघ. चप्पल घालायला मी बराच वेळ लावला. तो आत डबा हलवत होता, खडखड आवाज येत होता. मी जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणीचा बायकोला फोन. रडत होती. मी दुकानातून सुट्टी काढून गेलो, कारण न जाणं वाईट दिसलं असतं. टेबलावर साठ पांढरे ठोकळे. दात गेले, सोनं गेलं, म्हातारा गेला. साडू अंगठ्याने एकाची कवटी पुसत होता, काच पुसावी तशी.

"डबा नीट हलवला नाही बहुतेक मी," तो म्हणाला.

"होतं असं कधीकधी," मी म्हणालो. पाठीवर हातसुद्धा ठेवला. आणि लाज सोडून सांगतो, त्याच्या पाठीवर हात ठेवताना मला आतून हलकं वाटत होतं. बरं, याला उपाय नाही असंही नाही. चकचकीत वार्निशचा एक पातळ हात ब्रशने फिरवला की बराचसा पांढरेपणा उतरतो. उरलेल्या पाच दिवसांत साठ सहज झाले असते. तेही मला माहीत होतं. तेही मी सांगितलं नाही.

मांडायच्या दिवशी साडू आला तो रिकाम्या हाताने. मावशींनी सगळ्या टेबलांवरून फेरी मारली, चष्मा वर-खाली केला (तो मीच बसवून दिलेला), आणि माझ्या बुटक्यांपाशी थांबल्या. "यंदा हे." बँकवाल्याने माझा हात धरून हलवला. एकोणीस वर्षं ज्याची वाट बघितली ते घडलं, आणि मी चोरून साडूकडे बघत होतो. तो हसत होता. खरंच हसत होता. नर्सला सांगत होता, "मला यांनीच शिकवलं."

मावशी त्याच्याकडे वळल्या. "आणि तुझी पलटण रे? सगळे वाट बघत होते."

"खराब झाली मावशी. दमट हवेत वार्निश मारलं. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, दमट हवेत मारू नका म्हणून. मी नंतर वाचलं."

माझी कानशिलं तापली. म्हणजे त्याला कळलं होतं.

"अरे, मग आधी कुणाला विचारायचं नाही का?"

"नाही विचारलं कुणाला," साडू म्हणाला. "घाई झाली."

मावशी मला म्हणाल्या, "घरातल्या घरात तुम्ही असताना? तुम्हालाही नाही विचारलं याने?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. साडूही. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या तोंडाकडे नाही, डोळ्यांत बघत होता. त्याने दार उघडं ठेवलं होतं माझ्यासाठी, एवढं मला कळत होतं. नुसतं "विचारलं होतं" म्हणायचं होतं. दोन शब्द.

"नाही हो," मी म्हणालो. "विचारलं असतं तर मी मारू दिलं असतं का?"

साडूने मान हलवली. "हो ना. चुकलंच माझं."

मग मावशींनी कपाटाची किल्ली दिली आणि सगळे पुढे आले. मी पहिला बुटका उचलला तर त्याची कुऱ्हाड कपाटाच्या काचेवर वाजली. दुसरा उचलला, तो पडला. लोक म्हणाले, आनंदाने होतं असं. साडू पुढे झाला, माझ्या हातातला खोका त्याने घेतला आणि एकेक बुटका पायाखालच्या बैठकीला धरून काढत सगळी पलटण त्यानेच लावली. आणि सांगतो, मी लावली असती त्यापेक्षा चांगली लावली.