आधी तोंड, मग बोट

आजवर कुणाला, अगदी बायकोलाही, न सांगितलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला भला माणूस समजणार नाही. एका बाईंच्या संशोधनात मी खोट्या नोंदी घातल्या. ठपका त्यांच्यावर आला, आणि मी गप्प बसलो.

त्या मॅडम म्हटलं की मला त्यांचा तळहात आठवतो. चार पोरं गोल बसलेली, मधे एक टॅब. पडद्यावर गणित उमटलं की कुणाचं तरी बोट वळवळायचंच. तेवढ्यात पातेल्यावर झाकण पडावं तसा मॅडमचा तळहात पडद्यावर पडायचा. "आधी तोंड, मग बोट." म्हणजे चौघांनी आपापलं म्हणणं सांगायचं, हवं तर भांडायचं, एका उत्तरावर यायचं. मग ज्याची पाळी असेल त्यानं बोट लावायचं. तोवर हात हलायचा नाही.

साताऱ्यात शिक्षक घडवणाऱ्या एका कॉलेजात त्या शिकवायच्या. पोरं गटात बसून, यंत्राच्या मदतीनं, एकमेकांकडून कशी शिकतात, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. त्यासाठी त्यांनी तासगावजवळची आमची शाळा निवडली होती. आठवीला गणित मीच शिकवायचो, म्हणून त्यांची माझी गाठ. दर गुरुवारी साताऱ्याहून कराड, कराडहून तासगाव, तिथून वडापच्या जीपमध्ये तिघांच्या जागेत पाचवं बसून त्या यायच्या. मांडीवर जुन्या लुगड्याची कप्प्याकप्प्यांची पिशवी, स्वतः शिवलेली. एकेका कप्प्यात एकेक टॅब, तान्ह्या पोरासारखा गुंडाळलेला.

पहिल्या दिवशी हेडमास्तरांनी टॅबची पूजा केली. नारळ फोडला, कुंकू लावलं, आणि बोटाचा लालभडक ठसा एका पडद्यावर उमटला. पुसू का, म्हणून मी पुढं झालो. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या सर, निदान हेडमास्तरांच्या सहभागाची नोंद झाली."

नोंदीची त्यांची पद्धत सोपी होती. प्रत्येक पोरानं एक चित्र निवडलेलं. ट्रॅक्टर, वांगं, सूर्य, जे आवडेल ते. उत्तर देताना आधी आपलं चित्र दाबायचं. कोण, कोणत्या दिवशी, किती वेळा पुढं आलं, ते टॅब लिहून ठेवायचा. राणी नावाच्या पोरीनं शेळी निवडली होती. ही राणी सातवीपासून दोन वर्षं माझ्या वर्गात होती, पण तिचा आवाज ओळखायला सांगितला असता तर मला जमलं नसतं. हजेरीलाही ती नुसता हात वर करायची.

एका गुरुवारी तिच्या गटाला गणित आलं: चाळीस किलो द्राक्षं वाळवली, तर पाच-पाच किलो बेदाण्याच्या किती पिशव्या भरतील? हे गणित घालणारा शहरातला असणार. तिघं म्हणाले, आठ. मॅडमचा हात पडद्यावर तसाच. सगळे राणीकडं बघायला लागले. ती जमिनीकडं बघत म्हणाली, "आठ न्हाई. वाळल्यावर पावच ऱ्हातंय. दोन भरत्याल." वैशाली, गटातली हुशार पोरगी, कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं व्हय की." त्यांनी दोन दाबलं. टॅबनं लाल फुली दाखवली.

मॅडम तिथंच फरशीवर बसल्या आणि वहीत लिहायला लागल्या. लिहिता लिहिता मला म्हणाल्या, "सर, टॅब चुकला, शेळी बरोबर." इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या वर्गात कुणाला इतकं आनंदलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग फेब्रुवारी लागला. आमच्याकडं या दिवसांत बेदाण्याची शेडं सुरू होतात. बायका काड्या निवडायला जातात आणि पोरी त्यांच्यामागं. वर्ग निम्मा रिकामा झाला. जानेवारीपासून मॅडम टॅब आठवडाभर माझ्याकडंच ठेवून जायच्या, गुरुवारच्या आधी गटांनी सराव करायचा असं ठरलेलं. पण चौघांचा गट, आणि हजर एक. हे मॅडमना सांगायला हवं होतं. मी वैशालीला बोलावलं. म्हटलं, चौघांची चित्रं तूच दाब.

तिनं विचारलं, "सर, मग आधी कुणाशी बोलू?"

मी हसलो. "मनातल्या मनात बोल." तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि टॅब घेतला.

मॅडमचा हिरमोड बघवत नव्हता, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. त्या टॅब घेऊन दुसऱ्या शाळेत जातील ही भीती होती, आणि प्रबंधात माझं नाव येणार होतं. गुरुवारी त्या विचारायच्या, आज राणी नाही? मी म्हणायचो, गुरुवारी तेवढ्या पोरी शेडावर जातात बघा, एरवी सगळ्या असतात.

नोंदी बघून मॅडम हरखल्या. शेळी आता रोज पुढं येत होती. न बोलणारं मूल गटात बोलकं होतं, यावर त्यांनी एक अख्खं प्रकरण बेतलं. साताऱ्याच्या कॉलेजात त्याचं सादरीकरण झालं, तेव्हा त्यांनी मलाही बोलावलं. भिंतीवर ती शेळी हत्तीएवढी दिसत होती. मला शाल आणि श्रीफळ मिळालं. शाल अजून कपाटात आहे.

पुढं एका मंगळवारी त्या न कळवता आल्या. राणीची मुलाखत घ्यायची होती. ती शाळेत नाही म्हटल्यावर विचारत विचारत शेडावर गेल्या. तिथं काय झालं ते राणीच्या आईनं मला नंतर सांगितलं. ती मॅडमना म्हणाली होती, "आवं बाई, पोरगी शिमग्याच्या आधीपास्नं माझ्यासंगं हितंच हाय. साळंत कवा जातीया?"

दुपारी त्या शिक्षकांच्या खोलीत आल्या. साडीला शेडातल्या गंधकाच्या धुरीचा वास होता. खोलीत आम्ही दोघंच. चहा आला, त्यांनी घेतला नाही. टेबलावर तळहात पालथा ठेवला आणि विचारलं, "सर, नोंदी खऱ्या आहेत ना?"

"व्हय मॅडम. सगळ्या."

हात तसाच होता. त्या वाट बघत होत्या. पोरांसाठी थांबायच्या तशाच थांबल्या, रागावल्या नाहीत. चहावर साय धरली. मग त्यांनी हात उचलला, "बरं" म्हणाल्या, आणि टॅब मोजून पिशवीत घातले.

आमच्या शाळेचं सगळं काम त्यांनी प्रबंधातून काढून टाकलं. 'नोंदी विश्वासार्ह नाहीत' एवढंच कारण लिहून दिलं, कुणाचं नाव घेतलं नाही. त्यात शेळीचं ते गणितही गेलं, जे खरं होतं, माझ्या देखत घडलेलं. नव्यानं काम करायला मुदत उरली नव्हती. पीएच.डी. राहिली ती राहिलीच.

वर्षभरानं साताऱ्यात एका प्रशिक्षणाला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत त्यांच्याच कॉलेजातले दोन प्राध्यापक माझ्यापुढं उभे. एक म्हणाला, बाईंनी घरी बसून स्वतःच बटणं दाबली म्हणे, अंगाशी आलं तेव्हा मागं घेतलं. दुसरा हसला. मी ताटात उसळ वाढून घेतली. मग आणखी एकदा वाढून घेतली.

वैशाली आता त्याच कॉलेजात बी.एड. करते. परवा दिवाळीत घरी आली. फराळाला हात न लावता म्हणाली, "सर, तितं मॅडमचं उदाहरण देत्यात. संशोधन कसं करू नये म्हणून."

मॅडम कुठं असतात, मी विचारलं. सोडून गेल्या, कुणालाच पत्ता माहीत नाही, असं म्हणाली. मग म्हणाली, "बोट माझं हुतं, सर. मी सांगू का वर्गात?"

मी म्हटलं, नको, मी सांगतो. तिनं माझ्याकडं बघितलं. आठवीत बघितलं होतं तसंच.

दिवाळी होऊन गेली. साताऱ्याची गाडी सकाळी साडेसहाला सुटते. दोन गुरुवार मी स्टँडवर जाऊन परत आलोय. त्या कॉलेजात, त्याच वर्गात, वैशाली बसलेली असताना उभं राहून मला एवढंच म्हणायचं आहे: खोट्या नोंदी मी दाबायला लावल्या, मॅडमनी नाही. हे एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.