चारही भाग

मिशनच्या दवाखान्यातल्या परदेशी डॉक्टरीणबाईंना मी वर्षभर मराठी शिकवलं. मायदेशी परतताना त्यांनी मला आपला रेकॉर्ड प्लेअर आणि एक तबकडी दिली. "हा संगीतकार मोठ्यांच्या गर्दीत मागं राहिला," त्या म्हणाल्या. "मला मात्र फार आवडतो."

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी सोलापुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. लग्न केलं नव्हतं, त्यावरून बोलणी खायची सवय झाली होती. अप्पा गेल्यावर घरात अव्वा, म्हणजे माझी आई, आणि मी, दोघीच. तबकडीवर दोन सिंफनी होत्या, वाद्यवृंदाच्या लांबलचक रचना, प्रत्येकीचे चार भाग. पहिल्यांदा लावली तेव्हा अव्वा पिठाच्या हातानं बाहेर आली.

"गाणं कवा सुरू व्हायचं गं?"

"गाणं नाही यात. हेच आहे."

"लई भांडतायत की हे सगळे."

मलाही आधी गोंगाटच वाटला. टेकायला षड्ज नाही, एका वेळी चार-पाच सुरावटी आपापल्या वाटेनं चाललेल्या. मग मी फक्त खालच्या, जाड आवाजाच्या तंतुवाद्यांकडे कान लावले आणि उलगडायला लागलं. दुसऱ्या सिंफनीत व्हायोलिनं तावातावानं काही सांगतात, ही जाड वाद्यं त्यांना मध्येच तोडतात. एकदम सगळं थांबतं, आणि पुन्हा तोच वाद. लोक अशा सुरांना उदास म्हणतात. मला ते चिडलेले वाटले, म्हणूनच आवडले.

गावात संगीतप्रेमींचं एक मंडळ होतं. दर महिन्याला एका सभासदानं आपल्या आवडीच्या तबकड्या ऐकवायच्या. माझी पाळी आली तेव्हा अध्यक्षांनी, ते निवृत्त वकील होते, मला बोलावून घेतलं.

"पाश्चात्त्य लावायचंच तर त्यातल्या दोघा-तिघा थोरांचं लावा. याचं नाव इथं कुणी ऐकलंय?"

"नाही ऐकलं, म्हणूनच लावते."

"बरं, नमुन्यादाखल थोडंसं."

मी थोडंसं लावणार नव्हते.

त्या संध्याकाळी मी दुसरी सिंफनी लावली. पहिला भाग संपला तसे अध्यक्ष आभार मानायला उठले.

"संपलं नाही. तीन भाग राहिलेत," मी म्हणाले.

खुर्च्या सरकल्या. काहीजण दाराकडे निघाले. इकडे दुसरा, संथ भाग सुरूही झाला होता. "बाई, लोकांचा थोडा विचार करा," म्हणत अध्यक्षांनी सुई उचलायला हात पुढं केला. मी प्लेअरसमोर जाऊन उभी राहिले. तिथून हलले नाही.

अव्वा माझ्याबरोबर आली होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतून ती बोलली, "बसा की वो साहेब. मठातल्या प्रवचनातनं कुणी मधनंच उठतंय व्हय? पोरीचं पुरं होऊ द्या."

अध्यक्ष बसले. अर्धा हॉल रिकामा झाला, पण चारही भाग वाजले. शेवटी टाळ्या पडल्या नाहीत. फक्त एका वयस्क बाईंनी विचारलं, "ते मध्येच थांबतं ना, तेवढं परत लावता?" मी लावलं.

घरी जाताना अव्वा म्हणाली, "मला न्हाई बाई आवडलं. डोक्यातच शिरत न्हाई. पण तू हटली न्हाईस, ते ब्येस केलंस."

मंडळानं मला पुन्हा पाळी दिली नाही. मी मागितलीही नाही. शाळेच्या फळ्यावर लिहून टाकलं, रविवारी संध्याकाळी माझ्या घरी सिंफनी, कुणीही यावं. त्या वयस्क बाई यायच्या, कधी शाळेतल्या दोघी-तिघी. कुणीच आलं नाही तर मी रस्त्याकडचं दार उघडं टाकून एकटीच ऐकायचे, आवाज कमी न करता.